भाऊजींचा मोडेम

राजेगावला ताईच्या घरी फोन केला आणि तो भाऊजींनी उचलला, तर मोबाइल कानापासून हातभर दूर धरावा लागायचा. एवढा मोठा आवाज. सगळी नोकरी उकव्याच्या खाणीत गेलेली, मशीनच्या खडखडाटावर बोलायची सवय, ती निवृत्त होऊन गावी आल्यावरही सुटली नाही. उकव्याला असताना जयंतीच्या मिरवणुकीत माईक त्यांच्याच हातात असायचा, आणि मध्येच माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला ते कळायचं नाही. ताई म्हणायची, "यायच्यासंग भांडाले गेलं तर अख्ख्या वस्तीले समजते, म्हणून मी भांडतच नाही." खोटं बोलायची. भांडायची ती. हळू आवाजात भांडायची आणि जिंकायची.

मी ताईची धाकटी बहीण, म्हणजे भाऊजींची साळी. आमच्याकडे साळी-भाऊजी म्हटलं की थट्टेला मोकळं रान, आणि भाऊजींनी ते रान कधी पडीक ठेवलं नाही. "साळीबाई, आज पारा किती?" असं विचारूनच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, आणि मग माझा पारा खरोखरच चढायचा. मला राग लवकर येतो, हे मी नाकारत नाही. ज्यानं आणला त्यानं भोगावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

रेडिओचं खूळ माझ्या डोक्यात त्यांनीच घातलं. ते हॅम होते, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि मग आपल्या सेटवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या येड्यांशी बोलत बसायचं. मी बालाघाटला कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला. "रोज पोराईले लहरी दाखवतेस, तुह्या कामाची एकतरी हाये का त्यातली?" असं त्यांनी एकदा चारचौघांत, पंगतीत विचारलं. सगळे हसले. मी तणतणत घरी आले, पुस्तकं मागवली, परीक्षा दिली आणि पास झाले. परवाना आला, त्याच्यासोबत माझं कॉलसाइन आलं. कॉलसाइन म्हणजे हवेतलं आपलं नाव. दुसऱ्याच दिवशी भाऊजी पाइप, वायर, पाना घेऊन राजेगावहून आले आणि माझ्या गच्चीवर अँटेना उभी करून गेले. जेवायलासुद्धा थांबले नाहीत. साळीच्या हातचं जेवण म्हणजे दवाखान्याचा खर्च, असं जिन्यावरून ओरडून गेले.

आमची मंडळी रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, एकाच फ्रिक्वेन्सीवर जमते. बालाघाट, गोंदिया आणि रस्त्यावरची मधली गावं. सगळा धानाचा सपाट मुलूख, त्यामुळे अँटेना जरा उंच असली की आमचा आवाज मध्य प्रदेशातून नदी ओलांडून आरामात महाराष्ट्रात पोचतो. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. नवीन पोरं तर सगळं हिंदीतच बोलतात. एकानं हजेरी घ्यायची. तो एकेकाचं कॉलसाइन पुकारतो, ज्याचं असेल त्यानं "हजर" म्हणायचं आणि दोन गोष्टी सांगायच्या. कुणाकडे धान कापणीला आलं, कुणाची अँटेना माकडांनी वाकवली, कुणाच्या घरी पाहुणे आले. एकाचं बोलून झाल्याशिवाय दुसऱ्यानं बटण दाबायचं नाही, हा नियम. वर्षानुवर्षं ही हजेरी भाऊजींनीच घेतली. नियम सगळ्यांत जास्त तेच मोडायचे, आणि दुसऱ्यानं मोडला की त्याला झापायचेही तेच.

मग खर्रा नडला. ताईनं हातातून तंबाखू-सुपारीच्या त्या पुड्या हिसकावल्या, मी तोंडावर वाट्टेल ते बोलले, पण भाऊजी खिशात हात घालून हसायचे. घसा बसला तो बसलाच. नागपूरला नेलं, तिथं ऑपरेशन झालं, आणि जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला खाली एक भोक ठेवलं, श्वास तिथून. त्यावर ताईनं शिवलेला मऊ पांढरा रुमाल. माणूस घरी आला, चालू-फिरू लागला, वरण-भात खाऊ लागला. आवाज तेवढा आला नाही.

गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून दिलं होतं. भाऊजींनी ते एकदा लावून पाहिलं, त्यातून निघालेली घरघर ऐकून स्वतःच खांदे हलवून हसले आणि पेटीत ठेवून दिलं. पुन्हा काही बाहेर काढलं नाही. काही सांगायचं असलं की मोबाइलवर लिहून समोर धरायचे. मी व्हॉट्सअॅपवर काही पाठवलं की उत्तराला अंगठा यायचा. आयुष्यात ज्या माणसानं मला एक सरळ उत्तर दिलं नाही, तो आता अंगठे पाठवतोय! त्या अंगठ्याचा मला इतका संताप यायचा की मोबाइल फेकून द्यावा वाटे. मोर्सची टकटक त्यांना येत होती, पण आमच्या मंडळीत ती समजणारं दुसरं कोणी नव्हतं.

हजेरीचं काम गोंदियाच्या डॉक्टरसाहेबांकडे गेलं. गुरांचे डॉक्टर, बोलणं अगदी शांत, बैलाला सुई टोचताना लागते तशी शांतता. त्यांनी आपल्या मनानंच एक पद्धत ठेवली. भाऊजींचं कॉलसाइन रोज त्याच्या जागेवर पुकारायचं आणि थांबायचं. उत्तर येणार नाही हे सगळ्यांना माहीत. तरी थांबायचं. "गैरहजर" असं ते कधी म्हणाले नाहीत. तेवढा वेळ हवेत कोणीच बोलायचं नाही, मग ते पुढचं कॉलसाइन घ्यायचे. माझा नंबर भाऊजींच्या नंतरचा. त्या शांततेनंतर मला "हजर" म्हणावं लागायचं.

एक दिवस डॉक्टरसाहेबांचा फोन आला. "मॅडम, एक गोष्ट विचारायची होती. पुढच्या महिन्यापासून त्यायचं कॉलसाइन पुकारावं की नाही? मले वाटते, आपण रोज त्यायच्या जखमेवर बोट ठेवून राह्यलो. नवीन पोरंबी विचारतात, ये कौन हैं जो कभी बोलते नहीं. मले उत्तर देणं होत नाही."

माणूस चांगुलपणानं बोलत होता, त्यामुळे मला भांडताही येईना. विचारून सांगते म्हटलं आणि ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "नको काढू म्हणा वं त्याईले. सांजचं ते नाव पुकारते, तवा हा माणूस मान वर करते. बाकी दिवसभर मान खालीच राहते."

मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, महिना संपेपर्यंत पुकारा. तोवर भाऊजी स्वतः उत्तर देतील. "कसे देतील?" त्यांनी विचारलं. "ते माझं मी पाहते," म्हणून फोन ठेवला. कसे देतील, हे मला तरी कुठं ठाऊक होतं! पण बोलून बसले होते.

पॅकेट रेडिओबद्दल मी वाचलं होतं, केलं नव्हतं. सेट आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक मोडेम बसवायचा. आपण अक्षरं टाइप करायची, मोडेम त्यांचे दोन सुरांत गठ्ठे बांधतो, त्या गठ्ठ्यांनाच पॅकेट म्हणतात, आणि सेट ते हवेत सोडतो. ऐकायला नुसतं ब्रर्रऽऽट. समोरच्या घरातला मोडेम तो ब्रर्रऽऽट ऐकतो आणि त्याची पुन्हा अक्षरं करून पडद्यावर मांडतो. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. आपल्या अँटेनातून निघालेलं बोलणं, फक्त तोंडाऐवजी बोटांनी केलेलं. शिवाय त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्याच वेळेला, सगळ्यांच्या कानावर पडणारं. मोबाइलवर ते नाही.

जबलपूरच्या एका म्हाताऱ्या हॅमकडे असे दोन जुने मोडेम माळ्यावर पडून होते. मी फोन केला, भाऊजींचं नाव सांगितलं. "उनके लिए? आज ही ले जाओ," म्हणाले. पत्र्याचे दोन डबे, समोर बारक्या लाल दिव्यांची ओळ. परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "दीदी, ये स्टेबलाइजर है क्या?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसेल!

एक डबा माझ्याकडे लावला आणि दुसरा घेऊन राजेगाव गाठलं. भाऊजी सेटसमोरच्या खुर्चीत होते. मी सगळं समजावून सांगितलं, मोबाइलवर मोडेमचा आवाज ऐकवला. त्यांनी लिहून दाखवलं: "हा आवाज माहा नाही."

झालं, माझं डोकं फिरलं. "आवाज गेला जी तुमचा," मी म्हटलं. "सगळ्याईले माहीत हाये. बोलणं काहून गेलं? ते काय डॉक्टरनं कापलं?"

स्वयंपाकघरात ताईच्या हातातलं भांडं थांबलं. भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. मी खाली मान घालून वायरी जोडायला घेतल्या, कारण दुसरं काय करावं कळेना. रागाच्या भरात सोल्डरिंग वेडंवाकडं होत होतं. थोड्या वेळानं माझ्या नाकासमोर मोबाइल आला: "हे सोल्डरिंग हाये का शेणाचा पो?" आणि माझ्या हातातली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, त्यांनी काढून घेतली. मग मला कोपऱ्यात बसवून सगळं काम त्यांनीच केलं. काय सुबक काम! मी मात्र पो हा शब्द विसरले नाही.

डबा भाऊजींच्या जुन्या लॅपटॉपला लावला आणि बॅटरीवर जोडला, म्हणजे लाइट गेली तरी बंद पडायला नको. मी आनंदात घरी आले आणि टाइप केलं, हॅलो भाऊजी. इंग्रजी अक्षरांतली मराठी, कारण त्या जुन्या डब्याला देवनागरी कळत नाही. लगेच व्हॉट्सअॅपवर उत्तर: "दिसलं!" आता तुम्ही लिहा, मी म्हटलं. "लिहिलं." माझा पडदा कोरा. "आता पाठवलं." कोरा. "हे पाहा." काहीच नाही.

मग जे काही दिवस गेले, ते शत्रूवर येऊ नयेत. माझं लिहिलेलं त्यांच्या पडद्यावर उमटायचं, त्यांचं माझ्याकडे यायचंच नाही. मी माझ्याकडच्या वायरी बदलल्या, सेट बदलला, गच्चीवर जाऊन अँटेना पुसून आले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दीदी, मिक्सर ठीक करवा लो, कितना चिल्लाता है." मी त्यांच्यावरही ओरडले, त्या गरीब बाईनं काय केलं होतं माझं? भाऊजींना रोज विचारायची, डबा चालू आहे ना? ते लिहायचे, "ठणठणीत हाये. लाल दिवा जळूनच राह्यला." मी म्हणायची, बरं. लाल दिवा जळतोय म्हणजे चालूच असणार.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब कॉलसाइन पुकारायचे, थांबायचे. मी पडद्याला डोळे लावून बसायची. काही नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी भाऊजींचा मेसेज आला. "डबा घेऊन जा. त्यालेबी मी नको." पुढे अंगठा नव्हता की काही नव्हतं.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. घरी सेट, मोडेम, कॉम्प्युटर सगळं चालूच राहिलं, बंद करायचंही सुचलं नाही. मिळाली ती बस पकडली. रस्ताभर मनातल्या मनात भांडत होते. मोडेमशी, जबलपूरवाल्यांशी, डॉक्टरसाहेबांशी, खर्ऱ्याशी, भाऊजींशी. राजेगावच्या घरात पाय टाकला तर आतून धबधब्यासारखी खरखर. ताईनं दार उघडलं, तिनं काही म्हटलं ते मला त्या आवाजात ऐकूच आलं नाही. खोलीत गेले. भाऊजी खुर्चीत, सेट चालू, स्पीकरमधून भरून वाहणारी खरखर. आणि मोडेमवर एक लाल दिवा ढणढण जळत होता.

तो दिवा पाहिला आणि मी कपाळावर हात मारला.

तो चालू-बंदचा दिवा नव्हताच. चालू-बंदचा शेजारचा. हा दिवा सांगतो की हवेत कोणीतरी बोलतंय, थांब. पॅकेटचा मोडेम आमच्या मंडळीपेक्षा सभ्य असतो. दुसऱ्याचं बोलून झाल्याशिवाय तो बटण दाबतच नाही. आणि या जुन्या डब्याला माणसाचं बोलणं आणि नुसती खरखर यातला फरक कळत नाही. सेटवर एक नॉब असतो, स्क्वेल्च म्हणतात. तो फिरवला की कोणी बोलत नसताना सेट गप्प राहतो. भाऊजी जुने ऐकणारे. लांबच्या बारीक आवाजाचा एक शब्द सुटू नये म्हणून त्यांनी तो नॉब जन्मात कधी फिरवला नव्हता, पूर्ण उघडा ठेवायचे. तर झालं असं, की दिवसरात्र खरखर चालू, मोडेमला वाटतंय कोणीतरी बोलतंय, आणि तो बापडा कधीचा आपली पाळी यायची वाट पाहत बसलाय!

मी हसतच सुटले. इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. "भाऊजी, डब्याले तुम्ही नको नाही जी! तुमच्या सेटनं त्याले बोलूच नाही देल्लं! तुमचीच सवय त्याले लागली, बाकीच्याईले बोलू न द्यायची!" असं म्हणत मी नॉबकडे हात नेला.

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. आणि मान हलवली, नाही.

मला वाटलं थट्टा चाललीय. पुन्हा हात नेला, त्यांनी पुन्हा धरला. "अवो, पण यानंच अडलं हाये सगळं," मी म्हटलं. "एक नॉब फिरवाचा, बस. काहून नाही?" ते माझ्याकडे न पाहता सेटकडे पाहत होते. ताई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "दवाखान्यातून आले तवापासून हे असंच चालू राहते. उठल्यापासून झोपेपर्यंत. मी बंद करतो म्हटलं तर आंगावर येते."

भाऊजींनी मोबाइल घेतला. लिहायला वेळ लावला. मग माझ्यासमोर धरला.

"बंद केलं का माहाच श्वास आयकू येते."

मी वाचलं आणि गळ्याचा तो पांढरा रुमाल पाहिला. श्वास आत जाताना, बाहेर येताना किंचित हलणारा. त्या खरखरीत मला त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता, त्यांनाही येत नव्हता, म्हणून तर ती चालू होती. मला रडू आलं. तिथेच, वायरींमध्ये, नाक ओढत बसले. आयुष्यभर ज्यानं अख्ख्या वस्तीला आवाज पुरवला, त्याच्या घरात आता गप्प झालं की हेच उरत होतं.

ताईनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, लांब धरून वाचला. पदराला हात पुसले. मग एक स्टूल ओढलं, भाऊजींच्या अगदी शेजारी बसली, आणि म्हणाली, "असं होय. मग सांगाचं ना. मी बोलत राहतो, तुमी नका आयकू श्वास."

आणि तिनं स्वतःच्या हातानं तो नॉब फिरवला.

खरखर थांबली. खोली एवढी शांत झाली की तो श्वास मलाही ऐकू आला, आणि त्याच्यावर लगोलग ताईचं बोलणं सुरू झालं. परसवाड्याच्या बाजारातून आणलेली हळद कशी नुसती पिवळी माती निघाली, शेजारणीच्या बकरीनं वाळत घातलेल्या वड्या कशा खाल्ल्या आणि वर शेजारीणच कशी भांडली, धाकट्या नणंदेची सून सकाळी किती वाजता उठते. दम घेईना बाई. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते.

मोडेमवरचा तो दिवा विझला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दुसरा दिवा लागला, सेटचा काटा उडाला, आणि ब्रर्रऽऽट! ब्रर्रऽऽट! ब्रर्रऽऽट! थांबेचना. मोडेमच्या पोटात थोडी जागा असते, न गेलेलं सगळं तिथं रांग लावून उभं राहतं. भाऊजींनी इतक्या दिवसांत जे जे टाइप केलं होतं, ते सगळं एका दमात निघालं. भाऊजी डोळे उघडून डब्याकडे पाहत राहिले. ताई बोलायची थांबली नाही, बकरीवरच होती.

पण ते पोचलं की नाही, हे तिथं बसून कसं कळणार? माझा पडदा बालाघाटच्या घरात. "सांजच्याले हजेरीले राहा," एवढं सांगून मी धावतच स्टँडवर आले.

घरी पोचले, चपला काढायचं भान नव्हतं. पडदा भरला होता.

हॅलो. हॅलो साळीबाई. दिसून राह्यलं का. मग चिडलेलं, तुहाच डबा खराब हाये. मग पुन्हा हॅलो. आणि मग एक शब्द, एकटा: हजर. त्याच्याखाली पुन्हा थोडी चिडचिड, माझ्या सोल्डरिंगवर एक शेरा, आणि पुन्हा: हजर. पुढे गेले, पुन्हा हजर. रोजचा एक. डॉक्टरसाहेब रोज पुकारत होते, थांबत होते, मी पडद्याला डोळे लावून बसत होते, आणि भाऊजी रोज उत्तर देत होते. आम्ही ज्याला शांतता समजत होतो, त्यात ते रोज बोलले होते.

दिवे लागले. डॉक्टरसाहेब हवेत आले. त्यांना फोन करून सांगायचं मला सुचलंच नाही. एकेक कॉलसाइन झालं आणि त्यांनी भाऊजींचं पुकारलं. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक अक्षर जरा सावकाश घेतलं, आजचं शेवटचं म्हणून असेल. मग थांबले.

ब्रर्रऽऽट.

"अरे, किसका सेट बिगड़ा?" एक पोरगा बोलला.

"कोणाचा बिघडला नाही!" मी पाळी-बिळी न पाहता बटण दाबलं. नियम मोडला, मोडू दे. "कोणी बोलू नका. भाऊजी हजर हायेत. मी वाचून दाखवते. म्हणतात, हजर. डॉक्टरसाहेब, तुमची हजेरी लई हळू चालते, तोवर माणूस मरून जाईल."

डॉक्टरसाहेबांनी बटण दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. "स्वागत आहे," ते म्हणाले, आणि त्या शांत माणसाचा आवाज पार फाटला. मी त्यांना रोजचे हजर सांगितले, सगळे. मग जो तो बोलायला लागला, कोणाचं कोणाला कळेना, आणि मोडेम बिचारा वाट पाहत थांबला. मी ओरडून सगळ्यांना गप्प केलं. तेव्हा कुठे पुढचं पॅकेट आलं.

"साळीबाई, जरा माईकवर सांग," पडद्यावर उमटलं. "तुह्या ताईले म्हणा, आता चूप राह्यली तरी चालते."

मी ते माईकवर जसंच्या तसं वाचलं. माझा आवाज राजेगावच्या त्या खोलीत, त्यांच्या स्पीकरमधून ताईच्या कानावर पडला असणार. आम्ही सगळे थांबलो. गोंदिया थांबलं, बालाघाट थांबलं.

ब्रर्रऽऽट.

"ती नाही म्हणते."